हात वर कोणी केला?

कॉर्बी गावात आर्डिस व्हीलॉकशी भांडायचं असेल तर आधी पोटभर जेवून घ्यावं, असं तिची मैत्रीण ओडेट सांगायची. कारण एकदा बिनसलं की बाई वर्षभर तुमच्या ताटात धड वाढणार नाही. आणि गावात वाढायचं काम तिच्याकडेच होतं. लग्न असो, मयत असो, आगीच्या बंबावर काम करणाऱ्या पोरांचं वार्षिक जेवण असो, मोठी पळी आर्डिसच्या हातात.

बाई उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की तिनं गोठ्यातून हाक मारली तर रस्त्यापलीकडचा कुत्रा उठून बसे. अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या उत्तरेकडच्या डोंगरात तिचा दुधाचा धंदा होता. गाई फार नव्हत्या, पण त्यांचं सगळं ती आणि तिचा एकुलता मुलगा रॉइस, दोघंच बघायची. नवरा नव्हता. का नव्हता ते सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि तिच्यासमोर तो विषय कोणी काढत नसे.

मर्ल व्हीलॉक दुसऱ्या महायुद्धातून सुखरूप घरी आला, पण राखीव फौजेत त्याचं नाव राहून गेलं. पन्नास साली कोरियात ठिणगी पडली, मर्लला बोलावणं आलं, आणि हिवाळा लागायच्या सुमारास तो तिकडेच मेला. रॉइस तेव्हा पोटात होता. सरकार त्या प्रकाराला युद्ध म्हणत नव्हतं, 'पोलिसी कारवाई' म्हणत होतं. संसदेनं युद्ध पुकारलं नव्हतं. संसदेला तसं कोणी विचारलंही नव्हतं. राष्ट्राध्यक्षानं हुकूम सोडला आणि पोरं बोटीत बसली.

पुढे काही वर्षांनी आर्डिस गावच्या पंचांकडे गेली. चर्चसमोर एक दगड आहे, युद्धात पडलेल्या गावकऱ्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत. त्यात मर्लचं नाव घाला, म्हणाली. मुख्य पंच होता हार्लन पेटेंगिल. सरळ माणूस, कोणाच्या पैचा मिंधा नाही, पण नियम म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याच्या घरात मांजरसुद्धा नियमानं बाहेर जात असेल.

"आर्डिस, तो दगड युद्धात पडलेल्यांसाठी आहे," तो म्हणाला. "हे कायद्यानं युद्ध नाही. संसदेनं ठराव केलेला नाही. आम्ही काय करणार?"

"मग मर्ल कशानं मेला, हार्लन? पडशानं?"

हार्लननं परत नियमच सांगितला. नाव लागलं नाही. तेव्हापासून गावसभेच्या जेवणात दरवर्षी हार्लनच्या ताटात हॅमचा, म्हणजे भाजलेल्या डुकराच्या मांसाचा, कडेचा, वाळलेला, चपलेसारखा तुकडा पडायला लागला. तोही मुकाट्यानं चावून खायचा. तक्रार करायला नियम नव्हता ना.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी सगळं गाव एका सभागृहात बसतं आणि स्वतःचा कारभार स्वतः करतं. रस्ते, शाळा, बर्फ काढायचा ट्रक, मोकाट कुत्री. प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, मग हात वर करायचे. हार्लन पुढे सभापती झाला. रस काढायला मेपलच्या झाडात तोटी ठोकायचा एक जुना लाकडी हातोडा होता त्याच्याकडे, तो टेबलावर आपटला की विषय संपला. "गावानं ठरवलंय," एवढंच तो म्हणायचा, आणि मग ज्यानं विरोधात घसा फोडला असेल तोसुद्धा गप बसायचा. कॉर्बीत हातोडा पडल्यावर तोंड उघडणाऱ्याला लोक दारू प्यायलाय समजतात.

सभागृहाच्या मागे स्वयंपाकघर, मध्ये लाकडी झडपेची खिडकी. चर्चच्या बायका सकाळपासून तिथे. हॅम भाजायचं, बीन्स शिजवायचे, बटाटे कुस्करायचे, कोबी चिरायचा. त्यामुळे जेवणाच्या आधीच्या तासात जे मताला येई, त्यावर गावातल्या निम्म्या बायकांचं मतच पडत नसे. त्यांचे हात बटाट्यात. आणि हार्लन काही दूधखुळा नव्हता. ज्या विषयाचं लोढणं त्याला गळ्यात नको असेल, तो विषय बरोबर हॅमचा वास सभागृहात शिरायच्या वेळेला निघायचा. मग कोणीतरी भुकेला गडी उठायचा, "सभापतीसाहेब, हा विषय वगळून पुढे जावं असं मी सुचवतो," आणि बाकीचे भुकेले "होय" म्हणून ओरडायचे. मंजूर नाही, नामंजूर नाही. कोणाच्या अंगावर काही येतच नाही. सुटलो बुवा, चला जेवायला.

आर्डिसला हे सगळं दिसत होतं आणि तिला त्याची गंमतही वाटायची. "हार्लनच्या हातोड्यानं मारले नसतील इतके ठराव माझ्या हॅमनं मारलेत," असं ती ऐटीत सांगायची. गंमत होती तोवर होती.

एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीत रॉइसला सक्तीच्या भरतीचं बोलावणं आलं. आदल्या उन्हाळ्यात सरकारनं जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या, त्यात त्याची तारीख अगदी वर निघाली होती, तेव्हापासून घरात तो विषय कोणी काढत नव्हतं. एप्रिलमध्ये हजर व्हायचं. पुढे व्हिएतनाम.

ओडेटचं माहेर सरहद्दीपलीकडे, कॅनडात. त्याच संध्याकाळी ती आली. "माझ्या भावाला शेरब्रुकला गडी हवाच आहे," म्हणाली. "रविवारी जेवायला म्हणून रॉइसला घेऊन जाते, सोमवारी परत आणायचं विसरते. तासाभराचा तर रस्ता. रडत बसण्यापेक्षा त्याची पिशवी भर."

आर्डिसनं रॉइसकडे पाहिलं. पोरगं बापासारखंच, उंच आणि शब्दाला कंजूस. पण एकदा रुतलं की ट्रॅक्टर लावूनही हलायचं नाही.

"मी पळणार नाही, आई. पण मला एक सांग, मला पाठवतंय कोण?"

"म्हणजे काय? सरकार."

"सरकार म्हणजे कोण? हात कोणी वर केला?"

वीस वर्षं ती हाच प्रश्न गाईंच्या पाठीवर, भांड्यांच्या बुडावर आपटत होती. तो आता पोराच्या तोंडून तिच्यासमोर उभा राहिला.

त्या दिवसांत वॉशिंग्टनमध्ये काही सिनेटर एक कायदा आणू बघत होते. राष्ट्राध्यक्षानं लढाई सुरू केली तर तीस दिवसांत संसदेपुढे यायचं, संसदेनं मत दिलं तर पुढे, नाही तर पोरं परत. आदल्या वर्षी कंबोडियात फौज घुसली ती कोणाला न विचारता, त्यावरून हे सगळं पेटलेलं. आर्डिसनं ते वर्तमानपत्रात वाचलं, पान फाडून एप्रनच्या खिशात घातलं आणि दारोदार फिरली. गावच्या सभेनं आपल्या सिनेटरांना आणि प्रतिनिधीला सांगावं की हा कायदा करा. संसदेनं मत दिल्याशिवाय एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या हुकमावर आमच्या पोरांना लढायला धाडायचं नाही. एवढाच ठराव. सह्या मिळाल्या. काहींनी पटलं म्हणून दिल्या, काहींनी बाई दारातून हलेना म्हणून दिल्या.

हार्लननं नियमाप्रमाणे ठराव सभेच्या नोटिशीत घातला. बरोबर रस्त्याच्या यंत्राच्या, ग्रेडरच्या खरेदीनंतर. म्हणजे बरोबर हॅमच्या वासाला.

आर्डिस नोटीस वाचून हसली.

सभेच्या दिवशी मेपलच्या झाडांना रस सुटला होता, लोक चिखलाचे बूट घेऊन आत आले. मागच्या भिंतीला मत नसलेल्यांचं बाकडं असतं. शाळेची पोरं, एक वार्ताहर, उन्हाळ्यापुरतं घर घेतलेलं न्यूयॉर्कचं एक जोडपं. त्यांच्या शेजारी रॉइस बसला. त्याला एकवीस पुरी नव्हती, म्हणजे गावसभेत मत नाही.

ग्रेडर म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र. नवं घ्यावं की शेजारच्या गावाचं जुनं, यावर सकाळचा मोठा भाग गेला. जुन्याचा गिअर कोणी ऐकलाय, टायर कोणी बघितलेत, गेल्या वेळी फसवलं ते कोणी. अखेर हात वर झाले, जुनंच घ्यायचं ठरलं, हातोडा पडला. लोकांनी सवयीनं नाक वर केलं. वास नाही. माना वळल्या. खिडकीची झडप बंद. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाजसुद्धा नाही.

हार्लननं पुढचा ठराव वाचला. रस्त्यांचा मुकादम लाइल फेन ठरल्याप्रमाणे उठला. "सभापतीसाहेब, हा विषय वगळून पुढे जावं." कोणीतरी अनुमोदन दिलं.

"चर्चा?" हार्लननं विचारलं, आणि हातोडा उचलला.

झडप धाडकन वर गेली. आर्डिस खिडकीत उभी.

"सभापतीसाहेब, जेवण तयार नाही."

"किती वेळ लागेल?"

"ते सभेच्या हातात आहे. आम्ही भट्टी पेटवलेलीच नाही. या ठरावावर मत पडलं की पेटवू."

सभागृहात जो काही गलका झाला तसा ग्रेडरवर झाला नव्हता. हार्लनचे कान लाल झाले. "हे नियमात बसत नाही, आर्डिस."

"हॅम किती वाजता भाजायचं याचा नियम दाखवा, मी आता भाजते."

आणि मग स्वयंपाकघराचं दार उघडलं. एप्रन बांधलेल्या बायका एकामागून एक बाहेर आल्या आणि रिकाम्या खुर्च्या शोधून बसल्या. ओडेट सगळ्यात पुढे, हातात बटाट्याची सुरी तशीच. कित्येक जणींनी जेवणाआधीची सभा लग्न झाल्यापासून पाहिलेली नव्हती. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "अगं, खिडक्यांना रंग कधी दिला यांनी?"

लाइल म्हणाला, "हा काय गावचा विषय आहे का? आपण रस्ते बघावे. राष्ट्राध्यक्षाला आपल्यापेक्षा जास्त माहिती असते."

"आणि व्हिएतनामात हवं ते कर, असं संसदेनं चौसष्ट साली राष्ट्राध्यक्षाला लिहूनच दिलं होतं की," दुसऱ्यानं जोडलं.

"दिलं होतं, आणि या जानेवारीत परत घेतलं," आर्डिस म्हणाली. "आता कोणाच्या जोरावर चाललंय ते तू सांग. नाही सांगता येत? मग खाली बस."

ती खिडकीतून हलून सभागृहाच्या मधोमध येऊन उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं. भांडण येत होतं, म्हणून ती भांडली.

"सकाळपासून एका जुन्या यंत्राच्या टायरवर आपण घसा कोरडा केला. का केला? चुकलं तर कोणाचं चुकलं ते कळावं म्हणून. लाइल, तू हात वर केलास, उद्या ते यंत्र बंद पडलं तर मी तुझ्या दारात येऊन तुला बोलेन, आणि तुला ऐकून घ्यावं लागेल. माझा नवरा पाठवला तेव्हा हात कोणी वर केला? मी कोणाच्या दारात जाऊ? एक माणूस वॉशिंग्टनात बसून हुकूम सोडतो, आणि बाकीचे पाचशे जण काय करतात? वगळून पुढे जातात. जेवायला."

लाइल बुटाचा चिखल खरवडायला लागला, तशी आर्डिस बाकीच्यांकडे वळली.

"मी लढूच नका म्हणत नाही. मर्ल पहिल्यांदा गेला तेव्हा मीच त्याचे मोजे विणले. तेव्हा संसदेनं मत दिलं होतं, एकेकाचं नाव पेपरात आलं होतं. यांनाही उभं राहू द्या, नाव सांगू द्या, आणि मग माझ्या दारात मतं मागायला येऊ द्या. आणि तुम्ही. तो बघा, रॉइस तिकडे शाळेतल्या पोरांबरोबर बसलाय. मत द्यायला लहान आहे, बंदूक धरायला मोठा झालाय. माझा ठराव पाडायचा तर पाडा. पण त्याच्याकडे बघून पाडा. वगळू नका."

हार्लननं आवाजी मत घेतलं. वगळून पुढे जावं म्हणणारे? "होय" बरंच मोठं आलं. नको म्हणणारे? तेही मोठं.

"होयवाले जास्त वाटतात," हार्लन म्हणाला.

"मला शंका आहे. उभं करून मोजा."

हा नियम होता, आणि हार्लन नियमापुढे स्वतःच्या आईलाही उभं करणारा. "वगळावं म्हणणाऱ्यांनी उभं राहावं."

माणूस अंधारात ओरडतो तसं उजेडात उभं राहत नाही. काही उठले. लाइलनं गुडघ्यावर हात ठेवले, अर्धा उठला. सबंध हिवाळा रॉइस त्याच्याबरोबर बर्फाच्या ट्रकवर होता. मागच्या बाकड्यावरून पोरगं नुसतं बघत होतं, रागानं नाही, काही नाही. लाइल परत बसला. त्याच्या मागचेही दोन-तीन बसले.

वगळायची सूचना पडली. मग ठराव मताला आला आणि चांगल्या फरकानं मंजूर झाला. हार्लन स्वतः विरुद्ध होता, ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्यानं हातोडा आपटला. "ठराव मंजूर. गावानं ठरवलंय."

बायका भट्टी पेटवायला गेल्या. लोक दुपार कलल्यावर जेवले आणि कोणी कुरकुर केली नाही.

ठरावाच्या प्रती वॉशिंग्टनला गेल्या. तिकडून छापील आभार आले. तसा कायदा पुढे खरंच झाला, राष्ट्राध्यक्षानं झिडकारला तरी संसदेनं तो रेटून नेला, पण त्याला अजून दोन वर्षं जायची होती. रॉइसला एप्रिलमध्ये जायचं होतं.

तो बसनं भरतीकेंद्रावर गेला. तपासणी झाली. मग सगळ्यांना ओळीत उभं केलं, नाव पुकारलं की एक पाऊल पुढे यायचं, आलं की माणूस फौजेचा. रॉइसचं नाव पुकारलं. तो जागचा हलला नाही. परत पुकारलं.

"ऐकू येतं ना?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"येतं, साहेब. पण आमच्या गावानं ठरवलंय. संसदेनं मत दिल्याशिवाय जायचं नाही. मत झालं असेल तर सांगा, नाही तर होईपर्यंत मी थांबतो."

अधिकारी बिचारा वर्षभर लांब केसांच्या, घोषणा देणाऱ्या पोरांना तोंड देऊन पिचलेला. हे आखूड केसांचं, शेणाच्या वासाचं पोरगं नम्रपणे ग्रेडरच्या खरेदीबद्दल बोलावं तसं बोलत होतं. त्यानं विचारलं, "लढाई न मानणाऱ्या कुठल्या पंथाचा आहेस तू?"

"चर्चचा काही संबंध नाही, साहेब. गावसभेचा आहे."

ही चूक दुसऱ्या कुठल्याही गावच्या पोरानं केली नसती. शहरातलं शेंबडं पोरही सांगेल की असला ठराव म्हणजे नुसती विनंती, तिचं बंधन कोणावर नाही. पण रॉइस लहानपणापासून त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसून सभा ऐकत आला होता. हातोडा पडला की हार्लन पेटेंगिलसुद्धा वाकतो, हे त्यानं पाहिलं होतं. मग राष्ट्राध्यक्ष कोण लागून गेला.

खटला उभा राहीपर्यंत रॉइसला घरी सोडलं. आर्डिसला कळलं तशी ती गोठ्यात गेली. रॉइस दूध काढत होता.

"अरे गाढवा, तो ठराव सिनेटरांसाठी होता. तुझ्यासाठी नव्हता."

"मग तू माझ्याकडे बोट दाखवून का बोललीस?"

"तुला तुरुंगात टाकतील."

"टाकतील." त्यानं बादली बाजूला ठेवली. "आई, तू म्हणालीस वगळू नका. गावानं वगळलं नाही. आता मीच वगळू?"

ती चिडली, त्याला नाही नाही ते बोलली, गाई बावरल्या. मग तिथेच पालथ्या बादलीवर बसली आणि रडली. आपण वॉशिंग्टनवर दगड भिरकावला आणि तो आपल्याच पोराला लागला, असं तिला वाटलं. पण रडून झाल्यावर तिनं तोंड पुसलं आणि ट्रक काढला तो थेट हार्लनच्या अंगणात नेऊन उभा केला. मर्लच्या नावावरून फिसकटल्यापासून ती त्या अंगणात आली नव्हती.

हार्लन ओसरीत लाकडं रचत होता.

"मी त्या ठरावाच्या विरुद्ध होतो," तो आधीच म्हणाला.

"माहीत आहे."

"अजूनही आहे."

"तेही माहीत आहे. म्हणूनच कोर्टात तू यायला हवास. माझ्या बाजूच्यांचं कोण ऐकणार?"

हार्लननं दोन लाकडं रचली, मग एक काढून परत नीट बसवलं. "तारीख कळव," म्हणाला.

शरद ऋतूत खटला उभा राहिला. संघीय कोर्ट, गुळगुळीत बाकं, आणि कोर्टानंच दिलेला एक तरुण वकील. तो आर्डिसला बाहेर नेऊन म्हणाला, "बाई, फौजा परत यायला लागल्यात. तो आता तयार झाला तर कदाचित जर्मनीला पाठवतील, दोन वर्षांत धडधाकट घरी. इथून तुरुंगात गेला तर जन्माचा डाग. तुमचं ऐकेल तो. एकदा मान हलवा नुसती."

आर्डिसला मान हलवावीशी वाटत होती. देवाशपथ वाटत होती. एकाला तिनं घालवलं होतं, दुसरा समोर होता, आणि सगळं तिच्या मानेवर आलं होतं.

हार्लन साक्षीला उभा राहिला. काळा कोट, टाय, हातोड्याशिवाय रिकामे हात. सरकारी वकिलानं विचारलं, "एका खेड्याच्या सभेचा ठराव देशाच्या कायद्यावर वरचढ आहे, असं आपलं म्हणणं आहे?"

"अजिबात नाही. त्या ठरावाचं बंधन कोणावर नाही. पोरानं मला विचारलं असतं तर मी तसं सांगितलं असतं."

"म्हणजे तो चुकला."

"चुकला," हार्लन म्हणाला, आणि आर्डिसनं डोळे मिटले. "पण हातोडा मी मारला, आणि मारताना 'गावानं ठरवलंय' एवढंच म्हणालो. बंधन नाही हे मी म्हणालो नाही. इतकी वर्षं सभापती आहे, कधीच म्हणालो नाही. आमच्याकडे माणसं आपण दिलेलं मत पाळतात. तुमच्याकडे मत कोणी देतच नाही असं दिसतं, मग पाळायचं काय हा प्रश्न येत नसेल."

न्यायाधीश वयस्कर, बारीक अंगाचा, थकलेला माणूस होता. त्यानं रॉइसला उभं केलं. "मुला, आजही तू भरतीला तयार झालास तर हा खटला मी इथेच मिटवू शकतो. काय म्हणतोस?"

रॉइसनं मागे वळून आईकडे पाहिलं. वकीलही बघत होता, ओडेट बघत होती. आर्डिसनं मान हलवली नाही. ताठ ठेवली, इतकी ताठ की दुखली.

रॉइसनं विचारलं, "संसदेनं मत दिलं का, साहेब?"

"युद्ध पुकारण्याचं? नाही, दिलेलं नाही."

"मग मी थांबतो."

न्यायाधीशानं दोन वर्षांची शिक्षा सुनावली. सुनावताना त्याचा आवाज खाली गेला. वाचून झालं तशी आर्डिस उभी राहिली. वकिलानं तिची बाही ओढली, तिनं सोडवून घेतली.

"बाई, माझा नाइलाज आहे," न्यायाधीश म्हणाला. "कायदा—"

"कायद्याचं नका सांगू. माझ्या पोराला पाठवतंय कोण? तुम्हीच ना?"

पोलीस पुढे सरकला. न्यायाधीशानं त्याला मानेनंच थांबवलं. चष्मा काढला, टेबलावर ठेवला.

"हो," तो म्हणाला. "मी पाठवतोय."

"तुमचं नाव?"

नाव दारावर होतं, कागदांवर होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "एमरी टकरमन."

"टकरमनसाहेब, माझ्या नवऱ्याला मरायला कोणी पाठवलं ते मला वीस वर्षं कोणी सांगितलं नाही. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तोंडावर 'मी' म्हणालात ते तुम्ही पहिले. तुमचा निकाल चुकीचा आहे, आणि मी जिवंत आहे तोवर त्यावरून तुमच्याशी भांडणार आहे. पण निदान भांडायला माणूस तरी मिळाला."

रॉइसला बाजूच्या दाराकडे नेत होते आणि तो आईकडे बघत होता.

"आता बसा, बाई," न्यायाधीश म्हणाला.

"नाही बसत," आर्डिस म्हणाली, आणि पोरगं दाराआड जाईपर्यंत उभीच राहिली.